स्क्रॅचवर कोडिंग शिकायचंय? ऐरोलीच्या फ्लेमिंगोपासून सुरू करा

कोडिंग कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की मी आधी स्क्रॅचच सांगते, म्हणजे ब्लॉक जोडून गेम आणि गोष्टी बनवायची वेबसाइट, मग विचारणारा सहावीतला मुलगा असो नाहीतर पन्नाशीतली त्याची आत्या. घोडबंदर रोडला काय आणि खारघरला काय, प्रत्येक सोसायटीच्या गेटवर कोडिंग क्लासचं पॅम्फ्लेट लागलेलं असतं, फी ऐकून आईबाबांना घाम फुटतो, आणि ज्याच्यासाठी ते एवढे पैसे मोजतात ते स्क्रॅच मुळात पूर्ण फुकट आहे. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या टीमने ते बनवलं, २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि सध्या वापरतो ते तिसरं व्हर्जन २०१९ च्या जानेवारीत आलं. ८ ते १६ वयाच्या मुलांसाठी म्हणून बनवलंय, पण मोठ्यांनी लाजायचं काही कारण नाही, हार्वर्डचा सीएस५० नावाचा प्रसिद्ध कोर्स आहे ना, त्याची सुरुवातसुद्धा स्क्रॅचनेच होते.

यात टाइप करायचं जवळजवळ काही नसतं. रंगीत ब्लॉक माऊसने ओढून आणायचे आणि एकाखाली एक जोडायचे. जे एकमेकांत बसत नाहीत ते जोडलेच जात नाहीत, त्यामुळे कंस विसरला, स्वल्पविराम राहिला म्हणून लाल एरर येणं हा प्रकारच नाही. मग उरतं काय, तर विचार. आधी काय, मग काय, कधी थांबायचं, कधी परत करायचं. खरं कोडिंग तेच आहे आणि तेच इथे शिकायचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण मला ती फार महत्त्वाची वाटते. व्हिडिओ बघून जसंच्या तसं जोडलं की गेम चालतो, मूल खूश, आई खूश, पण शिकणं झालेलं नसतं. त्यामुळे या लेखात मी जिथे जिथे "आता हे मोडून बघा" म्हणेन तिथे खरंच मोडायचं, ब्लॉक काढायचा, जागा बदलायची, आणि काय बिघडतं ते बघायचं. ती पायरी गाळू नका प्लीज.

काय काय लागेल

लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर उत्तम, जुना चालतो. टॅब्लेटवर होतं, मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ब्लॉक ओढताना जीव नकोसा होतो, तो नाद सोडा. ब्राउझरमध्ये स्क्रॅचची साइट उघडून "क्रिएट" दाबलं की लगेच सुरू, अकाउंट नसलं तरी चालतं. नेटचा भरवसा नसेल तर स्क्रॅचचं ॲप डाउनलोड करून ठेवा, विंडोज १० किंवा त्यापुढचं पाहिजे, मग नेट गेलं तरी काम थांबत नाही. अकाउंट काढलंच तर मुलाचं खरं नाव, शाळेचं नाव युजरनेममध्ये टाकू नका.

अकाउंट नसेल तर सेव्ह आपोआप होत नाही हे लक्षात ठेवा. वर "फाइल" मध्ये जाऊन "सेव्ह टू युअर कॉम्प्युटर" करायचं, एसबी३ नावाची फाइल उतरते, तीच पुढच्या वेळी "लोड फ्रॉम युअर कॉम्प्युटर" ने उघडायची. दर वेळी नवीन नावाने सेव्ह करा, फ्लेमिंगो१, फ्लेमिंगो२ असं, म्हणजे मोडायला भीती वाटत नाही.

आणि अजून एक, ब्लॉकमध्ये आकडे टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवायचा, मराठी आकडे तिथे चालत नाहीत. पण व्हेरिएबलची नावं, मेसेज, पक्ष्याच्या तोंडचं वाक्य हे सगळं मराठीत बिनधास्त लिहा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड ॲड केलेला असेल तर विंडोज की आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते.

पायरी १: स्क्रीन ओळखून घ्या

डावीकडे रंगाप्रमाणे ब्लॉकचे कप्पे आहेत. निळा "मोशन", जांभळा "लुक्स", पिवळा "इव्हेंट्स", केशरी "कंट्रोल", फिकट निळा "सेन्सिंग", हिरवा "ऑपरेटर्स", वगैरे. मधली मोठी मोकळी जागा कोड जोडायची. उजवीकडे वर स्टेज, तिथे सगळं घडतं, आणि त्याच्या खाली स्प्राईटची यादी. स्प्राईट म्हणजे स्टेजवरचं पात्र, सुरुवातीला एक केशरी मांजर असते.

स्टेज ४८० बाय ३६० चं आहे. बरोब्बर मध्यावर एक्स शून्य आणि वाय शून्य. उजवीकडे एक्स २४० पर्यंत, डावीकडे उणे २४०, वर वाय १८० आणि खाली उणे १८०. शाळेत आलेख काढतात तेच. मांजर माऊसने इकडेतिकडे ओढा आणि खाली एक्स वायचे आकडे कसे बदलतात ते दोन मिनिटं नुसतं बघत बसा. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं अर्धं काम सोपं, खरंच.

पायरी २: मांजर हलवा

"इव्हेंट्स" मधून "व्हेन फ्लॅग क्लिक्ड" आणा. त्याला खाली "मोशन" मधला "मूव्ह १० स्टेप्स" चिकटवा. स्टेजच्या वरचा हिरवा झेंडा दाबा. मांजर इतकी थोडी सरकते की पटकन कळतसुद्धा नाही. १० चे १०० करा, परत दाबा. कळलं ना आता.

आता "कंट्रोल" मधला "फॉरएव्हर" आणा, तो इंग्रजी सी अक्षरासारखा असतो, त्याच्या पोटात "मूव्ह १० स्टेप्स" घाला. मांजर सुसाट जाऊन भिंतीला चिकटते. पोटातच खाली "इफ ऑन एज, बाउन्स" जोडा, मांजर परत फिरते, पण उलटी होऊन, पाय वर डोकं खाली. मुलं इथे हमखास हसतात. ते सरळ करायला "सेट रोटेशन स्टाइल लेफ्ट-राइट" हा ब्लॉक झेंड्याच्या लगेच खाली, फॉरएव्हरच्या आधी लावायचा. फॉरएव्हरच्या नंतर लावायला जाल तर तो चिकटणारच नाही कारण फॉरएव्हरला खाली दांडाच नाही, तो कधी संपत नाही त्यामुळे त्याच्या पुढे काही असूच शकत नाही. हे ब्लॉकच्या आकारातूनच सांगितलंय, मला स्क्रॅचमधली ही गोष्ट फार आवडते.

इथे दोन गोष्टी शिकून झाल्या, क्रम आणि लूप, म्हणजे तेच परत परत करणं. आता मांजर डिलीट करा.

पायरी ३: ठाणे खाडीतला फ्लेमिंगो

आपल्या दारात खाडी आहे, थंडीपासून मेपर्यंत हजारो फ्लेमिंगो येतात, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालीय, मग आपल्या मुलांनी पहिला गेम त्यावर का नाही करायचा? ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पोरांना एकदा नेऊन आणा, मग हा गेम करायला जी मजा येते ती वेगळीच.

गेम असा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी तिथे शेवाळ खायला उतरतो. फ्लेमिंगो लहान असताना राखाडी असतो, गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून येतो, शेवाळात नाहीतर छोट्या कोळंबीसारख्या जिवांत कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं असतात त्यामुळे. म्हणजे आपला पक्षी सुरुवातीला राखाडी, जसजसं खाईल तसतसा गुलाबी. आणि भरती आली की गेम संपला, पक्षी उडून गेला, खरे फ्लेमिंगोही भरतीच्या वेळी चिखल सोडून नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर जाऊन बसतातच.

आधी चित्र. खाली उजवीकडे मांजरीच्या तोंडाचं गोल बटण आहे, त्यावर माऊस नेला की "पेंट" येतं. एक अंडाकृती शरीर, वळलेली मान, दोन बारीक पाय, पुढे काळी चोच. सुंदर आलं नाही तरी चालेल, फक्त चित्र कॅनव्हासच्या मध्यावर असू दे, तिथे छोटी खूण असते, कारण पक्षी वळवायचा झाला की तो त्या खुणेभोवती फिरतो. नाव द्या फ्लेमिंगो, कॉस्च्युमचं नाव राखाडी, कॉस्च्युम म्हणजे त्याच पात्राचं एक रूप. मग कॉस्च्युमवर राइट क्लिक करून "डुप्लिकेट", त्याचा रंग फिकट गुलाबी, नाव फिकट. परत डुप्लिकेट, गडद गुलाबी, नाव गुलाबी. दुसरा स्प्राईट म्हणजे हिरवा छोटा ठिपका, नाव शेवाळ. बॅकड्रॉपमध्ये, म्हणजे स्टेजच्या मागच्या चित्रात, वर आकाश, खाली चिखल, मागे हवं तर ऐरोली पुलाची एक रेघ.

आता पक्षी हलवायचा. दोन पद्धती आहेत आणि दोन्ही करून बघाच.

पहिली, "व्हेन राइट ॲरो की प्रेस्ड" आणा, खाली "चेंज एक्स बाय १०". चालतं. पण बटण दाबून ठेवा आणि नीट बघा, पक्षी एक पाऊल जातो, क्षणभर थांबतो, मग धावायला लागतो. वर्ड फाइलमध्ये एखादं अक्षर दाबून ठेवलं की असंच होतं, एक अक्षर, थोडं थांबून मग रांग. ती कीबोर्डची सवय आहे आणि हा ब्लॉक तीच उचलतो.

दुसरी, झेंड्याखाली "फॉरएव्हर", त्याच्या पोटात "इफ देन", इफच्या षटकोनी खाचेत "सेन्सिंग" मधला "की राइट ॲरो प्रेस्ड?", आणि इफच्या पोटात "चेंज एक्स बाय ५". आता दाबून ठेवा. लोण्यासारखं सरकतं, कारण आता आपण कीबोर्डची वाट बघत नाही, आपणच सेकंदाला साधारण ३० वेळा विचारतोय की बटण दाबलंय का. बाकीच्या तीन बाणांसाठी तसेच तीन इफ त्याच फॉरएव्हरमध्ये घाला, डावीकडे एक्स उणे ५, वर वाय ५, खाली वाय उणे ५. फॉरएव्हरच्या आधी "गो टू एक्स ० वाय -८०" आणि "स्विच कॉस्च्युम टू राखाडी" लावा म्हणजे दर वेळी गेम नव्याने सुरू होईल. टॅब्लेट असेल तर बाण नाहीत, मग फॉरएव्हरमध्ये नुसतं "गो टू माऊस-पॉइंटर" ठेवा, बोटामागे पक्षी येतो.

पायरी ४: गुण मोजणं

"व्हेरिएबल्स" मध्ये "मेक अ व्हेरिएबल", नाव "गुण", "फॉर ऑल स्प्राइट्स" तसंच राहू द्या. व्हेरिएबल म्हणजे आकडा लक्षात ठेवायची जागा, एवढंच.

आता खालच्या यादीत शेवाळवर क्लिक करा. हे मुद्दाम सांगतेय, कारण नवीन लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कोड बरोबर असतो पण पक्ष्यावर टाकायचा तो शेवाळावर पडलेला असतो. प्रत्येक स्प्राईटचा कोड वेगळा आहे. कोड लिहायच्या जागेच्या कोपऱ्यात त्या स्प्राईटचं फिकट चित्र दिसतं, तिकडे एकदा बघायची सवय लावा. शेवाळाचा कोड असा:

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
सेट गुण टू ०
फॉरएव्हर
　इफ टचिंग फ्लेमिंगो? देन
　　चेंज गुण बाय १
　　गो टू एक्स: पिक रँडम -२२० टू २२०, वाय: पिक रँडम -१५० टू -२०

"पिक रँडम" हिरव्या कप्प्यात आहे, तो गोल ब्लॉक "गो टू" च्या आकड्याच्या जागी नेऊन सोडायचा. तयार "गो टू रँडम पोझिशन" पण मिळतो आणि तो सोपा दिसतो, पण मग शेवाळ आकाशात उगवतं. वाय उणे १५० ते उणे २० ठेवलं की ते चिखलातच राहतं. तुमच्या चित्रात चिखल कुठपर्यंत आहे ते माऊसने शेवाळ ओढून आकडे बघून ठरवा.

आता मोडा. "इफ" फॉरएव्हरच्या पोटातून बाहेर काढा आणि नुसता "सेट गुण टू ०" च्या खाली लावा. झेंडा दाबा, शेवाळावरून कितीही फिरा, गुण शून्यच. का? कारण कॉम्प्युटरने झेंडा दाबला त्याच क्षणी एकदा बघितलं, पक्षी शिवत नव्हता, संपलं काम. गेटवरच्या वॉचमनने सकाळी एकदा बाहेर डोकावलं आणि दिवसभर खुर्चीत बसून राहिला तर दुपारी आलेला कुरिअरवाला त्याला कसा दिसणार? "इफ" म्हणजे या क्षणी बघ, एवढंच, आणि सतत बघायचं असेल तर त्याला लूपमध्येच असावं लागतं. पुढे कुठल्याही भाषेत जा, नवशिक्यांच्या गेममध्ये हाच घोळ परत परत सापडतो, त्यामुळे इथे घाई करू नका, मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा की गुण का वाढले नाहीत.

अजून एक मोडा. "सेट गुण टू ०" काढून टाका आणि गेम परत सुरू करा. मागच्या वेळचे गुण तसेच. झेंडा म्हणजे रिसेट नाही, जे शून्य करायचं ते आपण सांगितलं तरच होतं.

पायरी ५: राखाडी ते गुलाबी

परत फ्लेमिंगोवर या. बाणांच्या फॉरएव्हरमध्येच सगळ्यात खाली दोन इफ घाला. गुण ४ पेक्षा जास्त असतील तर कॉस्च्युम फिकट. गुण ९ पेक्षा जास्त असतील तर कॉस्च्युम गुलाबी. "पेक्षा जास्त" ची खूण हिरव्या कप्प्यात मिळेल, आणि "गुण" हा केशरी गोल ब्लॉक तिच्या डाव्या खाचेत ओढून टाकायचा, हाताने टाइप नाही करायचा. टाइप केलात तर स्क्रॅच त्याला व्हेरिएबल समजत नाही, नुसता "गुण" हा शब्द समजतं.

खेळून बघा. पाचव्या घासाला पक्षी फिकट गुलाबी, दहाव्याला गडद. आता या दोन इफची अदलाबदल करा, ९ वाला वर आणि ४ वाला खाली. दहा काय, वीस घास खाल्ले तरी पक्षी फिकटच! कारण १० हे ९ पेक्षा जास्त आहे म्हणून तो गुलाबी झाला, आणि लगेच पुढची ओळ आली, १० हे ४ पेक्षाही जास्त आहे, म्हणून तो परत फिकट. हे इतकं पटकन होतं की गुलाबी रंग स्क्रीनवर यायलाच वेळ मिळत नाही. दोन्ही वाक्यं बरोबर, क्रम चुकीचा, म्हणून उत्तर चुकीचं. कागद घ्या, गुण १० लिहा, आणि बोट ठेवून एकेक ब्लॉक वाचत खाली या. कॉम्प्युटर नसताना कोड वाचायची ही सवय सातवी-आठवीत लागली तर पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर सुद्धा कामाला येते.

पायरी ६: भरती आणा

अजून एक व्हेरिएबल, "वेळ". हा कोड स्टेजवर लिहूया, उजवीकडे खाली बॅकड्रॉपच्या छोट्या चित्रावर क्लिक करा. घाबरू नका, मोशनचे ब्लॉक गायब होतात, स्टेज हलत नाही म्हणून त्याला ते मिळत नाहीत, बिघडलेलं काही नाही.

व्हेन फ्लॅग क्लिक्ड
सेट वेळ टू ३०
रिपीट अंटिल वेळ = ०
　वेट १ सेकंड्स
　चेंज वेळ बाय -१
ब्रॉडकास्ट भरती

"ब्रॉडकास्ट" पिवळ्या कप्प्यात आहे, त्याच्या बाणावर क्लिक करून "न्यू मेसेज", नाव "भरती". हा निरोप सगळ्या स्प्राईटना एकदम जातो, ज्याला ऐकायचंय त्याच्यावर "व्हेन आय रिसीव्ह भरती" लावायचं.

फ्लेमिंगोवर "व्हेन आय रिसीव्ह भरती", खाली "ग्लाइड २ सेकंड्स टू एक्स २०० वाय १५०". करून बघा आणि पक्षी उडत असताना बाण दाबा. ओढाताण होते, कारण बाणांचा फॉरएव्हर अजून चालूच आहे, एकाच पक्ष्याला दोन कोड दोन बाजूंना खेचतायत. म्हणून ग्लाइडच्या आधी "स्टॉप ऑल" आणा आणि त्यातल्या बाणावर क्लिक करून "अदर स्क्रिप्ट्स इन स्प्राइट" निवडा. आता निवांत उडतो. शेवटी "से" मध्ये "जॉइन" घालून पक्ष्याला "आज एवढे घास खाल्ले:" आणि गुण बोलायला लावा. शेवाळावरही भरतीचा निरोप घ्या, तेच "स्टॉप" आणि खाली "हाइड", आणि त्याच्या झेंड्याखाली "शो" घालायला विसरू नका नाहीतर पुढच्या डावात शेवाळ दिसणारच नाही.

झाला गेम. इव्हेंट, लूप, अट, व्हेरिएबल, निरोप, सगळं यात आलं. इथून पुढे मुलाला मोकळं सोडा. एखादी प्लास्टिकची पिशवी तरंगत येईल आणि शिवली तर गुण कमी होतील, दोन खेळाडू असतील, काहीही, पण ते त्याने ठरवायचं. तुम्ही माऊस हातात घेऊ नका. हे आईबाबांना सगळ्यात जड जातं मला माहितीय, पण जो हात माऊसवर असतो तोच शिकतो.

पायरी ७: ट्रान्सहार्बरची प्रश्नमंजुषा

दुसरा प्रोजेक्ट यादीसाठी, ठाणे ते वाशी जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या स्टेशनांवर. "व्हेरिएबल्स" मध्येच "मेक अ लिस्ट", नाव "स्थानकं". स्टेजवर यादी दिसते, तिच्या अधिक चिन्हावर क्लिक करत भरा: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. एक स्टेशन मुद्दाम गाळलंय, रोज जाणाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं असेल, त्यावर येते.

"क्रमांक" नावाचं व्हेरिएबल करा. "सेट क्रमांक टू पिक रँडम १ टू ७". मग "आस्क अँड वेट", त्यात "जॉइन", पहिल्या खाचेत "आयटम क्रमांक ऑफ स्थानकं", दुसऱ्यात " नंतर कुठलं स्टेशन?" असं टाइप करा, सुरुवातीला एक स्पेस सोडून. मग "इफ देन एल्स", अट अशी की "आन्सर" = "आयटम क्रमांक + १ ऑफ स्थानकं". बरोबर असेल तर एक से, नाहीतर दुसरा. अधिकचा ब्लॉक हिरव्यात मिळतो, तो आयटमच्या आकड्याच्या जागी बसतो.

यादीत आठ नावं आणि रँडम मात्र सातपर्यंत, का ते मुलाला विचारा. वाशीच्या पुढे या यादीत काही नाही म्हणून. आठ करून बघा आणि वाशीचा प्रश्न येईपर्यंत खेळा. काहीच न लिहिता नुसतं एंटर मारलं तर तो म्हणतो बरोबर! कारण नवव्या जागी काही नाही, तिथून रिकामं उत्तर येतं, आणि तुमचंही उत्तर रिकामं, दोन्ही सारखी.

आता गाळलेलं स्टेशन. दिघा गाव २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. समजा हा गेम त्याआधी कोणी केला असता तर? "इन्सर्ट दिघा गाव ॲट २ ऑफ स्थानकं" हा एकच ब्लॉक एकदा क्लिक केला की बाकीची नावं आपोआप एक घर खाली सरकतात, आणि प्रश्न विचारणारा कोड जसाच्या तसा चालतो. फक्त एक गडबड राहते, आपण सात हा आकडा हाताने लिहिलाय, त्यामुळे सानपाड्याचा प्रश्न आता कधीच येणार नाही. म्हणून सातच्या जागी "लेंग्थ ऑफ स्थानकं" वजा १ टाका, मग स्टेशनं वाढोत नाहीतर कमी होवोत, परत हात लावायला नको.

उत्तर तपासताना स्क्रॅच अक्षर न् अक्षर जुळवून बघतं, शेवटी चुकून एक स्पेस पडली तरी चूक म्हणतं, त्यामुळे लहान मुलांसाठी नावाऐवजी यादीतला क्रमांक विचारलात तर बरं. पनवेलच्या बाजूचे असाल तर तुर्भ्यानंतर जुईनगर, नेरूळ अशी दुसरी यादी करा.

अडलात तर

कुठलाही ब्लॉक झेंड्याशिवाय, नुसता क्लिक करूनही चालतो. त्यामुळे पूर्ण गेम सुरू न करता एकेक तुकडा तपासा. जो कोड चालू असतो त्याच्याभोवती पिवळी चमक येते, ती दिसत नसेल तर तो सुरूच झालेला नाही. व्हेरिएबलच्या बाजूच्या चौकोनात टिक ठेवा म्हणजे आकडा डोळ्यांसमोर राहतो. आणि फार वेगात काही घडत असेल तर मध्ये "वेट १ सेकंड्स" घालून हळू करा.

पुढे काय

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी स्क्रॅच ज्युनिअर हे वेगळं ॲप आहे, त्यात ब्लॉकवर शब्द नाहीत, चित्रं आहेत. मोठ्यांना मोबाइल ॲप करायचं असेल तर एमआयटीचंच ॲप इन्व्हेंटर, तेही ब्लॉकचं आणि फुकट. आणि स्वतःच्या डोक्यातून निघालेले तीन-चार गेम रिकाम्या स्क्रीनपासून पूर्ण झाले की पायथॉनकडे, म्हणजे टाइप करून लिहायच्या कोडिंगच्या भाषेकडे वळायला हरकत नाही. फॉरएव्हरचं तिथे "व्हाइल ट्रू" होतं, आणि सी ब्लॉकच्या पोटात जे असायचं ते पायथॉनमध्ये चार स्पेस आत सरकवून लिहायचं.

आणि क्लास लावायचाच असेल तर, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मधल्या वर्गांना कोडिंग आलंय म्हणून घाबरून लावू नका. आधी एक डेमो तास बसून बघा. सर किंवा मॅडम मुलांना रिकाम्या प्रोजेक्टवर बसवतात की तयार कोड समोर लावून कॉपी करायला लावतात, मुलाचं काही चाललं नाही तर ते स्वतः दुरुस्त करून देतात की "तुला काय वाटतं, का नाही चाललं?" असं विचारतात, आणि एसबी३ फाइल घरी देतात का, हे तीन प्रश्न विचारून मगच फी भरा.